पाटाचा रस्ता आणि गाडवाट: गिरणेकाठी सायकल घालण्याआधी

उपग्रहाच्या नकाशावर गिरणेचं खोरं उघडा. नदीच्या दोन्ही अंगांना फिकट, बारीक रेघांचं जाळं दिसतं. डांबर नाही, ट्रक नाही, एसटी नाही. ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटेवरही पळणारी जाड टायरची सायकल, घेतलेल्या माणसाला याहून वेगळं काय हवं? जळगाव, पाचोरा, चाळीसगावकडचे आम्ही सायकलवाले या सगळ्या रेघांना सरसकट ‘कच्चा रस्ता’ म्हणतो आणि घोटाळा तिथंच होतो. त्यातल्या काही रेघा पाटाच्या रस्त्याच्या असतात, काही गाडवाटांच्या. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण चाकाखाली आल्या की त्यांचं काहीच जुळत नाही.

पाटाचा रस्ता म्हणजे कालव्याच्या भरावावरून जाणारा सेवापथ. दरवाजे उघडायला, गळती बघायला, गाळ काढणारं यंत्र न्यायला पाटबंधारे खात्यानं तो ठेवलेला असतो. गिरणेवर जामदा बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा असे दोन जुने, ब्रिटिश काळातले कालवे निघतात. खाली दहिगाव बंधाऱ्यापासून निम्न गिरणा कालवा निघतो आणि थेट गिरणा धरणातून पांझण डावा कालवा. गाडवाट ही शेतकऱ्याची. कुणी तिला पाणंद म्हणतं, कुणी पांधी, कुणी शिवरस्ता. गावातून वावरात बैलगाडी न्यायची म्हणून ती पडली आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरून खोल गेली.

नकाशावर दोन्ही ओळखायची खूण सोपी आहे. कालव्याला पाणी उताराच्या जोरावर न्यायचं असतं आणि तो उतार किलोमीटरला काही वितींचाच. म्हणून तो जमिनीच्या समपातळीला धरून, टेकाडांना वळसे घालत, लांबलचक गोलाईनं जातो. गाडवाट बांध धरून चालते. शेतजमिनीच्या दोन गटांच्या हद्दीवरून सरळ जाते आणि गटाचा कोपरा आला की काटकोनात मोडते. रेघ वळत असेल तर पाट समजावा, मोडत असेल तर गाडवाट.

दोघींची दिशाही वेगळी. पाट नदीला समांतर धावतो, म्हणून खोऱ्यातून लांब पल्ला मारायचा तर पाटच धरावा. चढ नाही, उतार नाही, पायांना एकच लय लागते. गाडवाट बहुधा नदीला आडवी, म्हणजे गावातून वावरात, वावरातून नदीत. आणि पुष्कळदा ती शेवटच्या माणसाच्या वावरात संपून जाते. भडगावच्या अलीकडे एकदा मी अशीच एक वाट पाऊण तास धरली होती. कापूस वेचणाऱ्या एका आजींनी मान वर करून सांगितलं, “हाई वाट आमना वावरमाच सरस, भो. पुढे नदी शे.” म्हणजे वाट त्यांच्या वावरातच संपते. मग पाणी पाजलं आणि परतीची वाट दाखवली. त्या वाटेनं मला कुठं पोहोचवलं नाही, तरी तो दिवस वाया गेला असं मला कधीच वाटलं नाही.

आता जमीन. पाटाच्या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी मुरूम असतो. मुरूम दाबून बसलेला असला की 40 मिलीमीटरचा टायर त्यावर सुरेख पळतो. गाडवाट काळ्या मातीची. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तिच्यावरून शंभर पावलंही सायकल जात नाही. चिखल टायर आणि फोर्क यांच्यामध्ये असा बसतो की चाक फिरणंच थांबतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. दिवाळीनंतर माती वाळते, तेव्हा दुसरी अडचण उभी राहते, ती चाकोरीची. बैलगाडीच्या लोखंडी धावेनं आणि आता ट्रॅक्टरच्या चाकानं कोरलेली ती खाच सिमेंटसारखी टणक होते. पुढचं चाक तिच्यात उतरलं की हँडल वळत नाही. वळवायचा हट्ट केला तर माणूस पडतो. चाकोरीत शिरलाच असाल तर तिच्यातच राहा आणि ती उथळ होईल तिथं बाहेर या. नाहीतर मधल्या गवताच्या पट्ट्यावरूनच चला.

काटे मात्र दोन्हीकडे सारखे. पाटाच्या भरावावर वेडी बाभूळ माजलेली असते, गाडवाटेला बोरी-बाभळीचं कुंपण असतं. टायर ट्यूबलेस हवा, आत भोक बुजवणारं सीलंट हवं, आणि तरीही सोबत एक ट्यूब हवीच.

हक्काची गोष्ट मात्र बरेच जण उलटी धरतात. पाटाचा रस्ता रुंद, सरकारी, म्हणून तो सगळ्यांचा. गाडवाट शेतातून जाते, म्हणून ती खासगी, असं वाटतं. वस्तुस्थिती निराळी आहे. सेवापथ खात्याच्या कामासाठी आहे, तो सार्वजनिक रस्ता नाही. तिथं आपण जातो ते कुणी हरकत घेत नाही म्हणून. पाटकऱ्यानं, म्हणजे पाटाचं पाणी बघणाऱ्या खात्याच्या माणसानं, थांबवलं तर वाद न घालता खाली उतरावं. गाडवाट मात्र गावनकाशात असेल तर ती वहिवाटीची. नकाशात तुटक दुहेरी रेषेनं गाडीमार्ग दाखवतात, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषेचा पायमार्ग सव्वाआठ फुटांचा. यातले बहुतेक आकडे मोजणीच्या साखळीतून आलेत. साखळी 33 फुटांची, तिची अर्धी साडेसोळा आणि पाव सव्वाआठ. नकाशावरची वाट कुणी नांगरून टाकली किंवा काटे टाकून अडवली, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतात. अर्थात हे भांडण शेतकऱ्यांचं आहे, त्यात सायकलवाल्यानं पडू नये. वाट अडलेली दिसली तर परत फिरावं आणि कुणाच्या उभ्या पिकातून सायकल कधीही काढू नये.

पाटावर धोका पाण्याचा. आवर्तन, म्हणजे ठरावीक पाळीनं पाटाला सोडलेलं पाणी, सुरू असलं की पाट काठोकाठ वाहतो. जानेवारीच्या सकाळी त्या पाण्यावर वाफ तरंगते, कडेला बगळे उभे असतात, गव्हाला पाणी भरणारी माणसं पाटातून निघालेल्या छोट्या चाऱ्यांवर दिसतात. आपल्या भागात याहून देखणं दृश्य मला ठाऊक नाही. पण अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या उतरत्या भिंती शेवाळानं निसरड्या असतात. पोहता येणाऱ्यालाही वर चढायला पकड मिळत नाही. म्हणून पाण्याच्या अंगानं नाही, शेताच्या अंगानं चालवा. नाला आडवा आला की कालवा जलसेतूवरून किंवा नाल्याखालच्या सायफनमधून पलीकडे जातो आणि रस्ता बऱ्याचदा तिथंच तुटतो. जलसेतूच्या कठड्यावरून सायकल नेण्याचा मोह टाळा. नाल्यात उतरा, पलीकडे चढा.

आणि हेच आवर्तन गाडवाटेलाही अडवतं, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. जामदा आणि दहिगावच्या कालव्यांचं पाणी धरणापासून बंधाऱ्यापर्यंत नदीच्या पात्रातूनच येतं. एरवी कोरड्या वाळूतून पलीकडच्या गावाला नेणारी गाडवाट त्या दिवसांत पाण्याखाली असते. नकाशावर रेघ पात्र ओलांडताना दिसते, प्रत्यक्षात समोर मांडीएवढी धार असते. त्यात सायकल घेऊन उतरू नका. खालची वाळू कुठं उपसलेली आहे ते वरून कळत नाही.

म्हणून माझा क्रम असा. जून ते ऑक्टोबर दोन्ही सोडून डांबरी रस्ता. नोव्हेंबरपासून, आवर्तन सुरू असेल तर पाट. दोन आवर्तनांच्या मधल्या कोरड्या दिवसांत गाडवाटेनं नदी ओलांडून पलीकडचा पाट धरायचा आणि वरच्या पुलावरून परतायचं. मार्चनंतर दहाच्या आत घरी, कारण पुढं आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो आणि पाटावर सावली नसते. आवर्तनाची तारीख नकाशात सापडत नाही. ती आदल्या संध्याकाळी पाटकऱ्याला विचारावी, नाहीतर चहाच्या टपरीवर बसलेल्या कुणाही आप्पांना, ‘पाटाला पाणी कधी सुटतंय?’ एवढंच. रब्बी पेरलेल्या माणसाला ती तारीख पाठ असते.