बगळ्यांची रांग आणि पंखामागचा वारा

संध्याकाळी शेतांवरून रातथाऱ्याकडे परतणाऱ्या बगळ्यांची रांग दिसली की खेड्यातली मुलं नखांवर नखं घासत ओरडतात, "बगळ्या बगळ्या कवडी दे!" मग नखावर पांढरा ठिपका उमटला का, ते शोधायचं. किती पिढ्या या रांगेकडे मान वर करून पाहत आल्या असतील! चिमण्या अशा रांगेत उडत नाहीत, साळुंक्या उडत नाहीत, कबुतरं घोळक्याने घिरट्या घालतात. बगळे, शराटी, पाणकावळे, करकोचे, रोहित आणि हंस मात्र एकामागे एक, थोडं बाजूला सरकून तिरकी ओळ धरतात. कधी दोन ओळी पुढे जुळून बाणाचं टोक तयार होतं, तर कधी एकच भुजा लांबत जाते. ही रांग कोण लावतं आणि कशासाठी?

उत्तर पंखाच्या टोकाशी सापडतं. उडत्या पक्ष्याच्या पंखाखाली हवेचा दाब जास्त असतो, वरच्या बाजूला कमी. या फरकावरच तो हवेत तोलला जातो. पण पंख कुठेतरी संपतोच. तिथे, अगदी टोकाशी, खालची दाबलेली हवा कडेवरून वळसा घेऊन वर निसटते. पक्षी पुढे सरकत असल्यामुळे तिचा पीळ मागे सुटत जातो. दोन पंखांमागे असे दोन भोवरे. पाण्याने भरलेल्या पिंपात तळहात तिरका धरून ओढला तर हाताच्या कडेला असाच भोवरा फिरताना दिसेल.

भोवरे कुठल्या दिशेने फिरतात, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. दोन्ही भोवऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे पक्ष्याच्या थेट मागे, हवा खाली ढकलली जाते. पंखांच्या टोकांच्या बाहेर मात्र ती वर चढते. मागचा पक्षी पुढच्याच्या शेपटीमागे राहिला तर वरून दाबणाऱ्या हवेशी त्याला झगडावं लागतं. तोच थोडा बाजूला सरकला आणि त्याच्या पंखाचं टोक त्या चढत्या हवेत आलं, तर तेवढा भार कमी होतो. प्रत्येकाने आपल्या पुढच्यापुरतं एवढंच सांभाळलं की तिरकी ओळ तयार होते. सगळ्या थव्याची आखणी करणारा कोणी लागत नाही.

जर्मन वायुगतिशास्त्रज्ञ कार्ल विझेल्सबर्गर यांनी 1914 मध्येच हे मांडलं होतं. पुढे 1970 मध्ये लिसामन आणि शोलेनबर्गर या दोघांनी आकडेमोड करून दाखवलं, की 25 पक्षी नीट रांगेत उडाले तर एकट्या पक्ष्यापेक्षा सुमारे 70 टक्के जास्त अंतर कापू शकतील. हा आकडा लोकांना इतका आवडला की आजही जागोजागी तो मोजलेली वस्तुस्थिती म्हणून दिला जातो. ते बरोबर नाही. त्या गणितातले पंख विमानासारखे स्थिर होते आणि प्रत्येक पक्षी आदर्श जागी होता. खरा पक्षी पंख मारतो, वाऱ्याच्या झोताने हलतो, जागा बदलतो. त्यामुळे जिवंत पक्ष्यांवर मोजमाप होईपर्यंत रांगेचा फायदा कागदावरच राहिला.

पहिलं भक्कम मोजमाप मिळालं ते झोळीवाल्या पेलिकनांकडून. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी वाइमर्सकिर्श आणि सहकाऱ्यांनी माणसाळवलेल्या पांढऱ्या पेलिकनांना मोटारबोटीच्या आणि हलक्या विमानाच्या मागे उडायला शिकवलं, आणि त्यांच्या हृदयाचे ठोके नोंदवले. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की रांगेत उडणाऱ्या पेलिकनाचे ठोके एकट्याने उडणाऱ्यापेक्षा 11 ते 14 टक्क्यांनी कमी पडतात. त्याला पंखही कमी मारावे लागतात आणि मधूनमधून नुसतं तरंगता येतं. 70 टक्क्यांपुढे हा आकडा छोटा वाटेल. पण शेकडो किलोमीटर जाणाऱ्या पक्ष्याच्या अंगावरची चरबी हीच त्याची शिदोरी असते, आणि तिच्यातला दहावा हिस्सा वाचणं ही फार मोठी गोष्ट आहे.

मला स्वतःला सगळ्यात थक्क करतो तो यानंतरचा प्रयोग, वाल्डराप या पक्ष्यावरचा. वाल्डराप म्हणजे आपल्या शराटीचा भाऊबंद. तशीच लांब वाकडी चोच, टकलं डोकं, मानेवर काळ्या पिसांची झालर. मध्य युरोपातून तो सतराव्या शतकात नाहीसा झाला. त्याला परत आणण्यासाठी ऑस्ट्रियात पिल्लं माणसांच्या हातांनी वाढवली गेली. स्थलांतराची वाट दाखवायला आईबाप नव्हते, म्हणून पिल्लांना वाढवणारी माणसंच पॅराशूटच्या कापडाखाली बसवलेल्या छोट्या यंत्रातून पुढे उडत आणि पिल्लं त्यांच्यामागून आल्प्स ओलांडून इटलीतल्या टस्कनीत पोचत. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी अशा 14 पक्ष्यांच्या पाठीवर लहान यंत्रं बसवली. ती सेकंदाला 5 वेळा जागा आणि 300 वेळा शरीराची हालचाल टिपत होती. रानटी पक्ष्यावर यंत्र बसवलं तर ते परत मिळण्याची खात्री नसते. ही पिल्लं मात्र संध्याकाळी आपल्या माणसांजवळच उतरत.

2014 मध्ये स्टीव्हन पोर्तुगाल, जेम्स अशरवुड आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या नोंदींनुसार मागचा पक्षी पुढच्याच्या साधारण 1.2 मीटर मागे, बाजूला सरकून राहतो. चढती हवा जिथे मिळेल असं गणित सांगतं, जवळजवळ तिथेच. पण याहून सूक्ष्म गोष्ट पंख मारण्याच्या वेळेची होती. पुढच्या पक्ष्याच्या पंखाचं टोक वरखाली होत हवेत एक लाटेसारखी रेघ ओढत जातं. मागचा पक्षी आपल्या पंखाचं टोक नेमकं त्याच रेघेवरून नेतो. त्यासाठी तो पंख पुढच्याच्या बरोबरीने न मारता, अंतराच्या हिशेबात किंचित उशिरा मारतो. अंतर बदललं की हा उशीरही बदलतो. तोच पक्षी काही कारणाने थेट शेपटीमागे आला तर ताल उलटा होतो. आता त्याच्या पंखाचं टोक पुढच्याच्या रेघेपासून जमेल तितकं दूर राहतं, म्हणजे खाली दाबणारी हवा कमीत कमी लागेल. डोळ्यांना न दिसणारी हवा तो पिसांवर जाणून घेतो आणि प्रत्येक झपक्याला हिशेब दुरुस्त करतो.

या पिल्लांनी मोठ्या पक्ष्यांची रांग कधी पाहिलेली नव्हती. सुरुवातीला ती वाटेल तशी विस्कळीत उडत. दिवस जातील तशी ओळ जमत गेली.

मग प्रश्न उरतो पुढे राहणाऱ्याचा. सगळ्यात पुढे असलेल्याला चढत्या हवेचा लाभ जवळजवळ नाही. लोककथा सांगते की थव्याचा म्हातारा पुढारी तिथे असतो. त्याच वाल्डरापांच्या नोंदी बर्नहार्ड फोएल्कल आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये तपासल्या तेव्हा असा पुढारी कुठे सापडला नाही. प्रत्येक पक्षी सरासरी 32 टक्के वेळ दुसऱ्याच्या पंखामागचा लाभ घेत होता, आणि जितका वेळ घेतला तितकाच वेळ स्वतः पुढे राहून तो दुसऱ्याला देत होता. ही फेड जोडीजोडीने चाले. अ हा ब च्या मागे गेला की थोड्याच वेळात ब हा अ च्या मागे. मागे बसून नुसता फायदा उपटणारा पक्षी त्यांना आढळला नाही. प्राण्यांमध्ये अशा सरळ परतफेडीचे पुरावे फार थोडे आहेत, म्हणून या निष्कर्षाचं मोल मला रांगेच्या गणिताहूनही जास्त वाटतं.

मग सगळेच पक्षी रांग का धरत नाहीत? लहान पक्ष्याचे भोवरे लहान, पंख मारण्याचा वेग जास्त, त्यामुळे नेमकी जागा टिकवणं अवघड. कबुतरांचा घोळका तर चक्क महागात पडतो. अशरवुड यांच्याच 2011 च्या अभ्यासात दिसलं, की दाट घोळक्यात कबुतरांना पंख अधिक वेगाने मारावे लागतात. तरी ती घोळक्यात राहतात, कारण एकट्या कबुतरावर ससाण्याची झडप पडण्याचा धोका मोठा. हिवाळ्यात आपल्या ज्वारीच्या रानांवर उतरणाऱ्या भोरड्यांचे ढगासारखे थवे वळणं घेतात. त्यांच्याच कुळातल्या पक्ष्यांवर रोममध्ये झालेल्या 2008 च्या अभ्यासानुसार प्रत्येक पक्षी सभोवतीच्या फक्त सहासात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवतो. थवा विरळ असो की दाट, ती संख्या तेवढीच. पुढे 2021 चं भौतिकीचं नोबेल मिळालेले ज्योर्जिओ पारिसी या अभ्यासात सामील होते.

विमानं बनवणाऱ्यांनीही पंखामागची ही हवा वापरून पाहिली आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये एअरबसची दोन ए350 विमानं तुलूजहून माँट्रियलला एकमेकांपासून 3 किलोमीटर अंतर राखून गेली. मागचं विमान पुढच्याच्या चढत्या हवेत ठेवलं होतं. त्या एका फेरीत 6 टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड कमी सुटला.

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे येतात. मागोवा घेतलेल्या एका हंसाची 7,290 मीटर उंचीवर नोंद आहे. याचं श्रेय रांगेला देण्याचा मोह आवरायला हवा. विरळ हवेतून प्राणवायू घट्ट धरून ठेवणारं त्यांचं हिमोग्लोबिन इथे मोठं काम करतं. शिवाय ते एकसारख्या उंचीवर न राहता डोंगरउतारांना लागून चढतात, उतरतात, कारण विरळ हवेत पंख मारण्याचा खर्च झपाट्याने वाढतो. रांगेची बचत या सगळ्याच्या जोडीला असते.

गोदावरीवरचं नांदूर मध्यमेश्वर आणि जायकवाडी या दोन्ही जागी हिवाळ्यात हे हंस पाहता येतात. शराटी आणि बगळे तर गावोगावच्या तळ्यांवर आहेत. मोबाइलवर संथ गतीचं चित्रीकरण करता येत असेल तर रांगेला बाजूने टिपा, आणि शेजारच्या दोन पक्ष्यांचे पंख एकाच क्षणी खाली येतात की एकापाठोपाठ, ते पाहा. आणि यंत्र नसेल तर एवढंच करा, की सगळ्यात पुढच्या पक्ष्यावरून नजर हलवू नका, आणि तो किती वेळाने मागे सरकतो ते मोजा.