उत्तर दिसायच्या आत व्हिडिओ थांबवा

१/२ आणि १/३ यांची बेरीज कितीतरी मुलं २/५ लिहितात. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. यावरचा चांगला व्हिडिओ आज सहज मिळतो. आपल्या पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीच्या पुस्तकांतही क्यूआर कोड असतात. दीक्षा ॲपमधून ते स्कॅन केले की धड्याशी जोडलेलं साहित्य उघडतं. मूल व्हिडिओ बघतं, ‘कळलं’ म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा २/५.

मूल खोटं बोललेलं नसतं. २०१८ साली मायकल कार्डस आणि एड ओब्रायन या संशोधकांनी लोकांना डार्ट फेकणं, मूनवॉक अशा कौशल्यांचे व्हिडिओ दाखवले. व्हिडिओ जितक्या जास्त वेळा पाहिला, तितका ‘हे मलाही जमेल’ हा विश्वास वाढला. प्रत्यक्ष करून पाहताना मात्र कुणी जास्त पटाईत झालेलं नव्हतं. समोरचा माणूस सफाईनं गणित सोडवत असतो, तेव्हाही असंच होत असणार.

म्हणून उत्तर पडद्यावर यायच्या आत व्हिडिओ थांबवायचा आणि एवढंच विचारायचं: ‘उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं येईल की लहान?’ अर्ध्यात काहीतरी मिळवतोय, म्हणजे मोठंच यायला हवं. पण २/५ तर अर्ध्याहून लहान आहे! इथं मूल अडखळतं, आणि ते अडखळणं फार मोलाचं आहे. लगेच सोडवू नका. कागदाची एक पट्टी द्या आणि तिचे सहा सारखे भाग करायला सांगा. अर्धी पट्टी म्हणजे तीन भाग, एक तृतीयांश म्हणजे दोन. मिळून पाच, म्हणजे ५/६. समच्छेद का करायचा, हे त्या पट्टीवर बोट ठेवून दाखवता येतं. मग व्हिडिओ पुढे सुरू करा.

‘आम्हालाच गणिताची भीती वाटते’ असं अनेक पालक म्हणतात. या भीतीकडे दुर्लक्ष करू नये. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात पहिली-दुसरीच्या मुलांचा वर्षभर मागोवा घेतला होता. गणिताला घाबरणारे पालक जिथं वारंवार गृहपाठात मदत करत होते, तिथं मुलं वर्षभरात कमी गणित शिकली आणि त्यांची स्वतःची भीतीही वाढली. अशा घरात समजावण्याचं काम खुशाल व्हिडिओवर सोपवावं. आईबाबांनी थांबवावं, विचारावं आणि मुलाचं पूर्ण ऐकून घ्यावं. ‘मलाही कधी जमलं नाही’ हे वाक्य तेवढं टाळावं.

हाताला काम देणारे व्हिडिओ मला सगळ्यांत जास्त आवडतात. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी असे ढीगभर व्हिडिओ केले. त्यांचं आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचं खेळणं घ्या. ट्यूबच्या तुकड्यांनी काड्या जोडून त्रिकोण करा. टेबलावर ठेवून दाबला तरी त्याचा आकार बदलत नाही. चौरस मात्र कलंडून तिरका समभुज चौकोन होतो. त्याला पक्का कसा करायचा, हे पडद्यावर दिसायच्या आधी मुलाला विचारा आणि खटपट करू द्या. कर्णावर एक काडी बसली की दोन त्रिकोण होतात आणि चौकोन हलायचा थांबतो.