टेस्टोस्टेरॉन जेल वापरणाऱ्या महिलांना रक्ततपासणीपूर्वी विनंती

रजोनिवृत्तीनंतर डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे (हार्मोनचे) जेल सुरू केलेल्या अनेक महिलांचा रक्तनमुना आम्हाला दुसऱ्यांदा घ्यावा लागतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. सकाळी आंघोळ झाल्यावर जेल हाताला चोळून त्या थेट आमच्याकडे येतात आणि त्याच हाताच्या कोपराच्या घडीतून रक्त काढले जाते. त्वचेवर राहिलेला जेलचा अंश सुईवाटे नमुन्यात उतरतो, स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही तो पुरता जात नाही, आणि अहवालातला आकडा इतका फुगतो की पेशंटही घाबरतात व डॉक्टरही बुचकळ्यात पडतात. म्हणून डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यानंतरच जेल लावावे आणि आदल्या दिवशी कोठे लावले होते ते नमुना घेणाऱ्या ताईंना सांगावे.

‘इच्छा कमी झाली आहे, टेस्टोस्टेरॉन पाहून द्या,’ असेही पुष्कळदा विचारले जाते. या एका आकड्यावरून ती तक्रार ठरवता येत नाही, आणि तसे आम्ही काउंटरवरच सांगतो, जरी तपासणी करून पैसे घेणे आम्हाला अधिक सोपे असले तरी. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-निवेदनानुसार या उपचाराचा पुराव्याने सिद्ध झालेला उपयोग एकच आहे, तो म्हणजे रजोनिवृत्तीनंतर कामेच्छा घटून स्त्रीला स्वतःला त्याचा त्रास होत असणे. थकवा किंवा विसराळूपणासाठी नव्हे. उपचारापूर्वी एकदा आणि सुरू केल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी तपासणी करायची, ती मात्रा जास्त होत नाही ना हे पाहण्यासाठी. सहा महिन्यांत फरक पडला नाही, तर औषध थांबवावे.

मात्रेची चूक मात्र महागात पडते. पुरुषांसाठीच्या एक टक्का जेलच्या पाच ग्रॅमच्या पाकिटात ५० मिलिग्रॅम औषध असते, तर स्त्रीला दिवसाला साधारण ५ मिलिग्रॅम पुरते. म्हणजे एक पाकीट सुमारे दहा दिवस चालायला हवे. तुमचे त्याआधीच संपत असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. मुरुमे आणि हनुवटीवरचे केस हे त्रास योग्य मात्रेतही होऊ शकतात, परंतु मात्रा फार वाढून आवाज जाड झाला, तर तो पूर्ववत होईलच असे नाही. हृदय आणि स्तन यांवरील दीर्घकालीन परिणामांची पुरेशी माहिती अद्याप उपलब्ध नाही.

स्त्रियांमधील पातळी मुळातच अत्यल्प असल्याने नेहमीच्या यंत्रांवर ती नेमकी मोजली जात नाही, म्हणून आम्ही हे नमुने मास स्पेक्ट्रोमेट्री या अधिक अचूक मोजणीच्या पद्धतीसाठी बाहेर पाठवतो. त्यामुळे दर थोडा जास्त पडतो आणि अहवालालाही काही दिवस लागतात. सकाळी घरी येऊन नमुना घेण्याची सोय आहे; जेल चुकून आधीच लावले असेल, तर फोन करावा, दुसऱ्या दिवशीची वेळ वेगळे पैसे न घेता दिली जाईल.