क्रुसाची आडवी पट्टी कुठे गेली?

गेल्या महिन्यात एका परिचितांनी व्हॉट्सॲपवर एका नाण्याचा फोटो पाठवला. मक्का-मदिनेचं १४०० वर्षांपूर्वीचं नाणं, घरात ठेवलं की बरकत येते, किंमत लाखांत, आणि नाण्यावर ठळक ७८६. मी लगेच फोन करून सांगितलं, पैसे पाठवू नका. ७८६ ही 'बिस्मिल्लाह अर्-रहमान अर्-रहीम' या पूर्ण वाक्याच्या अक्षरांची अबजद पद्धतीने, म्हणजे प्रत्येक अरबी अक्षराला ठरावीक आकडा धरून, केलेली बेरीज. सुरुवातीच्या इस्लामी नाण्यांवर तो आकडा नसतोच. पुढे हिजरी सालं आली तीही शब्दांत लिहिलेली. शिवाय पैगंबरांच्या हयातीत मक्केत नाणी पाडतच नव्हते. तिथे चालायचं ते बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटाचं सोनं आणि इराणच्या सासानी शहाची चांदी.

खरी नाणी या भाकडकथेपेक्षा कितीतरी विलक्षण आहेत. पैगंबर ६३२ साली निवर्तले. पुढच्या वीस वर्षांत अरबांनी सीरिया, इजिप्त आणि इराक घेतला. ६५१ मध्ये शेवटचा सासानी शहा, तिसरा यज्दगर्द मारला गेला. टांकसाळी मात्र चालूच राहिल्या, नक्षीही तीच. चांदीच्या नाण्यावर आधीच्या सासानी शहाचा, दुसऱ्या खुस्रोचा मुकुटधारी चेहरा, मागे अग्निवेदी, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक सेवक. आपल्याकडच्या पारशी अग्यारीत ज्या धर्माचा अग्नी तेवतो, त्याच धर्माची ही वेदी. नवीन एवढंच, की कडेला अरबी लिपीत 'बिस्मिल्लाह'.

सीरियात ख्रिस्ती प्रजा मोठी. सातव्या शतकातली, तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या सीरियाक भाषेतली एक बखर सांगते, की खलिफा मुआवियाने सोन्याचांदीची नाणी पाडली, पण त्यांवर क्रूस नाही म्हणून लोक ती घेईनात.

असाच एक सोन्याचा दिनार मला सगळ्यांत आवडतो. बायझंटाइन सम्राट हेराक्लियस आणि त्याच्या दोन मुलांच्या नाण्याची ही नक्कल. मूळ नाण्याच्या मागे पायऱ्यांवर उभा क्रूस आहे. नकलेत पायऱ्या आहेत, उभा दांडा आहे, आडवी पट्टी गायब! झिजली असेल का? नाणं कसं पाडतात ते पाहिलं की उत्तर मिळतं. खाली एक ठसा, मध्ये सोन्याची चकती, वर दुसरा ठसा, आणि घणाचा घाव. ठशात नक्षी उलटी आणि खोल कोरलेली असते. जिथे खोल चर, तिथे नाण्यावर उंचवटा. हाताळून नाणं झिजतं तेव्हा आधी उंचवटे जातात. दांडा आणि पट्टी साधारण सारख्याच उंचीचे, त्यामुळे पट्टी पुसली गेली तर दांडाही पुसट व्हायला हवा. इथे दांडा ठसठशीत, शेजारची अक्षरंही धारदार. शिवाय ठशात एकदा कोरलेला चर बुजवणं महाकठीण. म्हणजे ठसा नव्याने कोरताना कारागिराने ती पट्टी कोरलीच नाही. सम्राटांच्या मुकुटांवरचे छोटे क्रूसही तसेच गेले. वाद धर्माचा होता, पण बाजाराला ओळखीचं नाणं हवं होतं. म्हणून बाकी सगळं जागच्या जागी.

हळूहळू ताण वाढला. बायझंटाइन सम्राट दुसऱ्या जस्टिनियनने आपल्या सोन्यावर ख्रिस्ताचा चेहरा आणला. त्याच सुमारास खलिफा अब्द अल-मलिकच्या दिनारांवर तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभी असलेली आकृती आली, आणि हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इ. स. ६९६-९७ ला, चित्रच गेलं. उरली फक्त अक्षरं: अल्लाह एक आहे, त्याने कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही. रोख उघडच ख्रिस्ताला देवपुत्र मानण्यावर आहे. जेरुसलेमच्या 'डोम ऑफ द रॉक' या घुमटातला हिजरी ७२ चा शिलालेखही 'ग्रंथधारकां'ना, म्हणजे इथे ख्रिस्ती लोकांना, हेच सांगतो. वजनही बदललं: सॉलिडस हे बायझंटाइन सोन्याचं नाणं सुमारे साडेचार ग्रॅमचं, नवा दिनार ४.२५ ग्रॅमचा.

याला कुणी निव्वळ तलवारीची गोष्ट म्हणतं, कुणी निव्वळ सलोख्याची. मला दोन्ही अर्धवट वाटतात. जिझिया घेणाऱ्या त्याच राज्याचा खजिना मुआवियापासून अब्द अल-मलिकपर्यंत सर्जून इब्न मन्सूर हा ख्रिस्ती अधिकारी सांभाळत होता. आणि कास्पियन समुद्राच्या दक्षिणेला, तबरिस्तानात, पुढच्या अब्बासी खलिफांचे सुभेदार आठव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चांदीवर तीच अग्निवेदी ठोकत राहिले.