चाल तीच, तरी गाणं ते नाही

१९७४ साली अमेरिकेत गाजलेलं द स्टायलिस्टिक्स या गायकगटाचं ‘यू मेक मी फील ब्रँड न्यू’ हे गाणं इलेक्ट्रिक सतारीच्या झणकाराने उघडतं. हे वाद्य म्हणजे खरं तर गिटारच: वाजवायच्या ६ तारा, आपोआप गुंजणाऱ्या १३ तरफेच्या तारा आणि रुंद, सपाट घोडी. तार या घोडीला हलकेच घासत कंप पावते आणि गुंजन उठतं. सतारीच्या घोडीला घासून जवारी लावताना मिरजेचे कारागीर जे साधतात, तेच हे तत्त्व. मग एक खालच्या पट्टीतला आवाज येतो आणि ध्रुवपद गटाचा गायक रसेल थॉम्पकिन्स ज्युनिअर फॉल्सेटोत, म्हणजे नेहमीच्या आवाजाहून उंच, पातळ आवाजात उचलतो. फॉल्सेटोत स्वरतंतू ताणून पातळ होतात, मुख्यतः त्यांच्या कडाच कंप पावतात आणि ते पूर्ण मिटत नाहीत. त्यामुळे सुरात श्वास मिसळतो, उपस्वर कमी होतात आणि आवाज हळवा वाटतो.

संगीतकार थॉम बेल यांनी फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत फ्रेंच हॉर्न, ओबो आणि व्हायोलिनच्या ताफ्यासह जे घडवलं, त्याला स्वीट सोल म्हणतात. तेव्हा पंधरा-वीस वर्षांचे असलेले श्रोते आज सत्तरीच्या आसपास आहेत. या गाण्यांशी असलेली त्यांची गाठ चालीपेक्षा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगशी जास्त घट्ट असते.

१९९९ मध्ये मानसशास्त्रज्ञ शेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी लोकप्रिय गाण्यांचे जेमतेम ०.१ सेकंदाचे तुकडे ऐकवले. एवढ्या वेळात चाल कळणं शक्यच नाही, तरी गाणी ओळखली गेली. उंच कंप्रता (फ्रीक्वेन्सी) गाळल्या किंवा तुकडा उलटा वाजवला, की ओळख कोलमडली. म्हणजे मेंदूने साठवली होती ती नादाची जात. डॅनियल लेव्हिटिन यांनी १९९४ मध्ये ४६ जणांना आवडतं गाणं आठवणीतून गायला लावलं. दोन प्रयत्नांपैकी निदान एकात सुमारे ४० टक्के लोक मूळ पट्टीतच गायले. लयही बहुतेकांची मूळच्या ८ टक्क्यांच्या आतच राहिली.

वयाचा भाग वेगळा. होलब्रुक आणि शिंडलर यांच्या १९८९ च्या अभ्यासात, साधारण साडेतेविसाव्या वर्षी कानावर पडलेली गाणी सर्वाधिक आवडती ठरली. पौगंडावस्था ते पंचविशी या काळातल्या आठवणी एरवीही दाट असतात: पहिली नोकरी, पहिलं प्रेम, घर सोडणं. पेट्र जनाटा यांच्या मेंदूच्या चित्रणात, ओळखीचं गाणं आठवण जागी करतं तेव्हा कपाळामागचा मध्यभाग उजळतो, हे २००९ मध्ये दिसलं. अल्झायमरमध्ये हा भाग तुलनेने उशिरा झिजतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी गाण्यांची यादी करताना म्हणूनच त्यांच्या १० ते २५ या वयातली गाणी आधी घ्यावीत.

आणि इथेच घोटाळा होतो. जुन्या गटांनी आपली गाणी पुढे स्वस्त संग्रहांसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. नाव तेच, चाल तीच, पण तंतुवाद्यांच्या जागी सिंथेसायझर आणि गायकाचा आवाज वयाने जड झालेला. वृद्ध श्रोता तोंड फिरवतो आणि घरच्यांना वाटतं, त्याला आता गाणं आवडत नाही. त्यामुळे नावापुढे ‘री-रेकॉर्डेड’ लिहिलं आहे का ते पाहा, मूळ कंपनी आणि वर्ष तपासा, लांबी मूळ सिंगलशी ताडून पाहा. रेडिओवर वाजे ते सिंगल. अल्बममधली आवृत्ती कधीकधी मिनिटभर लांब असते.

तबकडी वाजवणार असाल तर वेग तपासा. वेगात ६ टक्के फरक पडला की गाणं अर्धा स्वर सरकतं. अमेरिकेतून आणलेले जुने प्लेअर ६० हर्ट्झच्या विजेसाठी असतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, कंप्रता बदलत नाही. सिंक्रोनस मोटरचा (जिचा वेग विजेच्या कंप्रतेवर ठरतो) प्लेअर आपल्या ५० हर्ट्झवर सुमारे १७ टक्के संथ फिरतो आणि सूर तीन अर्ध्या स्वरांहून जास्त खाली येतात. थॉम्पकिन्सचा फॉल्सेटो मग साध्या पुरुषी आवाजासारखा वाटतो. काही यंत्रांत ५० हर्ट्झची वेगळी पुली बसवता येते. आधी तीच शोधावी.

शेवटचा अडसर कानाचा. वय वाढलं की आधी उंच कंप्रता ऐकू येईनाशा होतात, आणि ओळख पटवायला तर त्याच लागतात. आवाज नुसता वाढवल्याने खालचे सूर गदगदतात, वरचे तसेच हरवलेले राहतात. श्रवणयंत्र असेल तर आणखी एक पेच असतो. ते बोलणं ऐकण्यासाठी बेतलेलं असतं, त्यामुळे व्हायोलिनचा किंवा फॉल्सेटोचा लांबलेला सूर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटू शकते. ती दाबायच्या प्रयत्नात सूर थरथरतो. ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून घ्यावा, त्यात शिट्टी दाबणारी सोय बंद किंवा मंद ठेवावी, आणि तपासणीला जाताना मूळ रेकॉर्डिंग सोबत न्यावं.