डिस्टिलरीची टेस्टिंग टूर करायचीय? बुकिंग, वयाची अट, ओळखपत्र आणि बाटली घरी आणण्यापर्यंत सगळी माहिती

क्राफ्ट डिस्टिलरीच्या, म्हणजे छोट्या प्रमाणावर दारू गाळणाऱ्या कारखान्याच्या, टूरबद्दल मला सारखे तेच तेच प्रश्न येतात, वय किती लागतं, आयडी कुठला चालतो, न पिणारा माणूस सोबत आला तर चालतं का, गाडी घेऊन जायचं का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. तास-दीड तासाची टूर असते, त्यात आंबवण्यापासून पिंपापर्यंत सगळं दाखवतात आणि शेवटी तीन-चार घोट चाखायला देतात, पण ही जागा म्हणजे बार नाही, ज्वलनशील माल तयार करणारा लायसन्सवाला कारखाना आहे, आणि त्यामुळे अटी जास्त असतात. त्या अटी आधी माहीत असल्या की तिथे गेल्यावर मूड जात नाही.

पहिली गोष्ट बुकिंग. क्राफ्ट म्हणजे छोटं काम, एका बॅचला आठ-दहा माणसंच घेतात, कारण भट्टीची खोलीच लहान असते आणि माहिती सांगणारा माणूस बऱ्याचदा तिथेच काम करणारा असतो. त्यामुळे आयत्या वेळी जाऊन उभं राहिलात तर जागा मिळेल याचा काही भरवसा नाही, ऑनलाइन स्लॉट घ्या. फॉर्ममध्ये नाव, संख्या, जन्मतारीख, कधी कधी अ‍ॅलर्जी एवढंच असतं, पण दोन ठिकाणी हमखास चूक होते. एक म्हणजे नाव, ते ओळखपत्रावर आहे तसंच टाका, घरी म्हणतात ते नको. दुसरी म्हणजे जन्मतारीख. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, त्यामुळे 5 ऑगस्टचा माणूस 05/08 टाकतो आणि सिस्टिममध्ये तो 8 मे होतो, मग गेटवर ओळखपत्राशी जुळत नाही. तारीख टाकल्यावर कन्फर्मेशनच्या ईमेलमध्ये ती एकदा वाचून घ्या.

बुकिंग करताना अजून एक बघायचं, भट्टी त्या दिवशी चालू आहे का. बऱ्याच डिस्टिलऱ्या वर्षातून काही आठवडे मेंटेनन्ससाठी गाळणं थांबवतात, स्कॉटलंडमध्ये हे बहुधा उन्हाळ्यात असतं आणि त्याला सायलेंट सीझन म्हणतात. टूर तेव्हाही चालते, चाखायलाही मिळतं, पण भट्टी गार असते, वास नसतो, गरम तांब्याची ती ऊब नसते, आणि माझ्या मते निम्मी मजा तिथेच आहे. एक ईमेल टाकून विचारलं तर सांगतात.

आता पात्रता. मुख्य अट वयाची, आणि ती तुमच्या देशाची नाही, डिस्टिलरी जिथे आहे तिथली लागू होते. अमेरिकेत 21, ही गोष्ट 1984 च्या केंद्रीय कायद्यानंतर हळूहळू सगळ्या राज्यांत सारखी झाली. ब्रिटनमध्ये विकत घ्यायला 18. जपानमध्ये 20, तिथे 2022 पासून सज्ञान होण्याचं वय 18 केलं तरी दारूचं वय 20 च ठेवलंय, त्यामुळे तिथे शिकणाऱ्या पोरांचा गोंधळ होतो. कॅनडात प्रांताप्रमाणे 18 किंवा 19. जर्मनीत बिअर आणि वाइन 16 ला चालते पण गाळलेल्या दारूला 18 च लागतात, आणि डिस्टिलरीत जे मिळतं ते गाळलेलंच असतं, त्यामुळे बिअरचा नियम बघून जाऊ नका. भारतात राज्याराज्यात वय वेगळं आहे, काही ठिकाणी 18, काही ठिकाणी 21, काही ठिकाणी 25, आणि काही राज्यांत पूर्ण बंदीच.

आणि वय पूर्ण झालंय म्हणून आयडी मागणार नाहीत असं नाही हां. ब्रिटनमध्ये कायदा 18 चा असला तरी तुम्ही 25 पेक्षा लहान दिसत असाल तर आयडी मागायची पद्धत आहे, अमेरिकेत तर केस पिकलेल्या माणसालाही मागतात. यात अपमान वाटून घेऊ नका, वयाखालच्या माणसाला एक घोट दिला तरी लायसन्स धोक्यात येतं आणि छोट्या डिस्टिलरीचं सगळं त्या लायसन्सवर उभं असतं.

लहान मुलांचं काय? काही ठिकाणी ठरावीक वयापुढची मुलं मोठ्यांसोबत चालतात, फक्त चाखायच्या खोलीत त्यांना काही मिळत नाही, काही ठिकाणी कायद्याच्या वयाखाली कुणालाच आत सोडत नाहीत. अगदी तान्हं बाळ असलं तरी कारखान्याच्या भागात बहुतेक नाहीच म्हणतात. बाळाला कडेवर घेऊन दारात वाद घालणारी माणसं मी बघितलीत, त्यापेक्षा बुकिंगच्या वेळीच विचारा ना.

ओळखपत्राबद्दल जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. मूळ कागद लागतो, फोटो असलेला, जन्मतारीख असलेला, सरकारने दिलेला, मुदत न संपलेला. परदेशात असाल तर पासपोर्ट. आपल्या देशातलं इतर ओळखपत्र परदेशात कितीही खरं असलं तरी समोरच्याला ते वाचता येत नाही, तपासता येत नाही, म्हणून तो नाही म्हणतो. झेरॉक्स चालत नाही, कॉलेजचं कार्ड चालत नाही, मोबाइलमधला फोटो तर अजिबात नाही. आम्ही चौघी एकदा गेलो होतो, एकीचा पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत आणि फोनमध्ये त्याचा अगदी स्वच्छ स्कॅन, वय 34, आणि तरी तिला टेस्टिंगचा मनगटाला बांधायचा पट्टा दिला नाही. टूर करू दिली, ग्लास दिला नाही, पैसेही परत नाहीत, कारण बुकिंगच्या अटीत ते लिहिलेलं होतं आणि आमच्यापैकी एकीनेही ते वाचलं नव्हतं. तिने तासभर नुसता वास घेतला बिचारीने. त्यामुळे निघायच्या आधी दारात उभं राहून पासपोर्ट पर्समध्ये हात लावून बघायचा, नुसतं आठवून चालत नाही. मुदतीचंही तसंच, बाकी सगळं बरोबर असून ओळखपत्र म्हणून आणलेलं ड्रायव्हिंग लायसन्स आठवड्यापूर्वी संपलं असेल तर ते चालणार नाही असंच धरून चला.

सोबत एवढं ठेवा: मूळ ओळखपत्र, बुकिंगचा क्यूआर कोड किंवा ईमेल (स्क्रीनशॉट काढून ठेवा, पिंपांच्या गोदामाजवळ रेंज नसते), ज्या कार्डाने पैसे भरले ते कार्ड, आणि नियमित औषधं चालू असतील तर त्यांची नावं.

गेटवर बऱ्याच ठिकाणी एक फॉर्म भरून घेतात. त्यात दमा आहे का, गरोदर आहात का, जिने चढता येतात का, शरीरात पेसमेकर आहे का असं विचारतात. लोक हे न वाचता सही ठोकतात, प्लीज असं करू नका. दम्याचं विचारतात त्याला कारण आहे, आंबवण्याच्या टाक्यांतून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि टाकीच्या तोंडाशी साठून राहतो. गाइड कधी कधी झाकण उघडून वास घ्या म्हणतो, तेव्हा डोकं आत घालून जोरात श्वास ओढायचा नाही, हाताने हवा नाकाकडे ओढायची. मी पहिल्यांदा खोल श्वास घेतला तर नाकात सोड्याची बाटली फुटल्यासारखी झिणझिण झाली आणि डोळ्यांत पाणी आलं. गरोदर बाईला टूर करायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, चाखायचं नाही एवढंच, फक्त आधी सांगा.

कपड्यांचे नियम साधे आहेत, पुढून बंद बूट, हील नको, सँडल नको, कारण जमीन ओली असते आणि लोखंडी जाळीचे जिने असतात. परफ्यूम मारून जाऊ नका, तुमच्यासोबत बाकी सात जणांचं नाक त्याने भरून जातं आणि चाखण्यातलं निम्म्याहून जास्त काम नाकच करतं.

मग भट्टीच्या खोलीआधी फोन बंद करायला किंवा लॉकरमध्ये ठेवायला सांगतात, कधी स्मार्टवॉच, कॅमेरा आणि गाडीची रिमोट चावीसुद्धा. यावर लोक फार कुरकुरतात म्हणून कारण सांगते. 40 टक्के अल्कोहोल असलेल्या दारूची वाफ साधारण 26 अंश सेल्सियसलाच ठिणगी पकडू शकते, आणि भट्टीतून नुकती उतरलेली दारू त्यापेक्षा कितीतरी कडक असते म्हणजे तिला अजून कमी तापमान पुरतं. तिथले दिवे, पंखे, स्विच सगळे ठिणगी न उडणारे खास बसवलेले असतात, आणि तुमचा फोन तसा नसतो. फोटो बाहेर काढा, किंवा गाइड जिथे हो म्हणेल तिथे काढा.

आत गेल्यावर एक गोष्ट मात्र नक्की विचारा, कट कुठे घेता. भट्टीतून सुरुवातीला उतरतं ते हेड्स, त्याला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा उग्र वास असतो, मधलं हार्ट्स म्हणजे खरा माल, आणि शेवटचं टेल्स, जड, ओल्या पुठ्ठ्यासारखं. मधला भाग कुठे सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा हे ठरवणं म्हणजे त्या डिस्टिलरीची चव ठरवणं, आणि छोट्या ठिकाणी हे अजूनही एखादा माणूस ग्लास नाकाखाली धरून ठरवतो. एका ठिकाणी तिथे काम करणाऱ्या बाईने हेड्सचे दोन थेंब माझ्या तळहातावर टाकून चोळायला सांगितले, सेकंदात उडून गेले, मग हार्ट्सचे टाकले तर मागे धान्याचा गोडसर वास राहिला. भट्टी तांब्याची का तेही विचारा, गंधकाची जी वाईट वासाची संयुगं आंबवताना तयार होतात ती तांबं धरून ठेवतं, त्यामुळे दारू स्वच्छ लागते आणि तांबं मात्र वर्षांनुवर्षांत झिजत जातं. या प्रश्नांना काम करणारी माणसं फार प्रेमाने उत्तरं देतात, टूर दहा मिनिटं लांबली तरी.

आता चाखणं आणि गाडी. इथे मी थोडी कडक आहे.

एका टूरमध्ये समजा 15 मिलीचे चार घोट दिले, 40 टक्क्यांचे, तर ते 60 मिली झाले आणि त्यात शुद्ध अल्कोहोल 24 मिली, वजनात साधारण 19 ग्रॅम. ब्रिटनच्या हिशेबात एक युनिट म्हणजे 10 मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे ही जवळजवळ अडीच युनिटं, आणि शरीर ढोबळमानाने तासाला एक युनिट काढतं. त्यात एखादा घोट पिंपातून थेट, पाणी न घातलेला 60 टक्क्यांचा असला तर आकडा अजून वाढतो. इवलुसा ग्लास बघून काहीच घेतलं नाही असं वाटतं पण तसं नसतं. गाडी चालवायची मर्यादाही सगळीकडे सारखी नाही, इंग्लंडमध्ये 100 मिली रक्तात 80 मिलिग्रॅम, स्कॉटलंडमध्ये 2014 पासून 50, भारतात 30. एकाच बेटावर सीमा ओलांडली की नियम बदलतो! त्यामुळे हिशेब करत बसूच नका, जो चालवणार तो पिणार नाही, विषय संपला.

आणि त्यात चालवणाऱ्याचं नुकसान होतंय असंही नाही. बऱ्याच डिस्टिलऱ्या ड्रायव्हर पॅक देतात, म्हणजे त्याच्या वाटचे घोट छोट्या बाटल्यांत भरून सील करून घरी न्यायला देतात, काही ठिकाणी चालवणाऱ्याचं तिकीटही कमी असतं. पण हे बुकिंगच्या वेळी निवडावं लागतं, तिथे जाऊन मागितलं तर कधी बाटल्या संपलेल्या असतात आणि काही ठिकाणी स्थानिक कायद्यात बसत नाही म्हणून देतच नाहीत. थुंकायचं भांडंही ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका, पारखी लोक तेच करतात, फक्त थुंकलं तरी थोडं पोटात जातंच, त्यामुळे चालवणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

काही खाऊन जा, उपाशी पोटी जाऊ नका. झोपेच्या गोळ्या, काही अँटिबायोटिक्स, साखरेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा आणि नक्की नसेल तर नुसता वास घ्या, नाही म्हणायचा हक्क तुम्हाला प्रत्येक ग्लासला आहे आणि चांगला गाइड एकदाही आग्रह करत नाही. उलट आधीच पिऊन आलेल्या माणसाला बुकिंग असूनही परत पाठवतात, ते कायद्यानेच करावं लागतं बऱ्याच देशांत.

शेवटी दुकानातून बाटली घेतलीत आणि विमानाने जायचंय तर हे लक्षात ठेवा. 24 टक्क्यांपेक्षा जास्त आणि 70 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बाटली चेक-इन बॅगेत, माणशी जास्तीत जास्त 5 लिटर, दुकानातल्या मूळ सीलबंद पॅकमध्ये. 70 च्या वर विमानात कुठेच नाही, ना बॅगेत ना हातात. डिस्टिलरीतून घेतलेली पूर्ण बाटली हँडबॅगेत नेऊ शकत नाही, बहुतेक विमानतळांवर सिक्युरिटीला द्रवाची 100 मिलीची मर्यादा आहे आणि ड्युटी फ्रीच्या दुकानात मिळते ती सीलची पिशवी डिस्टिलरीवाले देत नाहीत. कस्टमची मर्यादा याहून वेगळी, अमेरिकेत उतरताना साधारण 1 लिटर, तेही 21 पूर्ण असेल तर, भारतात 2 लिटर, ब्रिटनमध्ये 4 लिटर, त्याच्या वर न्यायची असेल तर घोषित करा आणि ड्युटी भरा. पावती फेकू नका, कस्टमला तीच दाखवायची असते. आणि ड्रायव्हर पॅकच्या त्या छोट्या बाटल्यांवर टक्केवारीचं लेबल आहे का ते काउंटरवरच बघून घ्या, नसेल तर तिथेच लावून मागा, बॅग उघडली तर तपासणाऱ्याला आत काय आहे हे त्या लेबलवरूनच कळतं.