दहा वर्षं उलटली तरी बँकेतली ठेव बुडत नाही; अर्ज अडतो तो कागदांवर

‘ते पैसे आता सरकारजमा झाले, काही करता येणार नाही.’ बँकेच्या काउंटरवर हे ऐकून कितीतरी माणसं घरी जातात आणि पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. हे उत्तर चुकीचं आहे. ठेवीला दहा वर्षं कुणी हात लावला नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या ‘ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी’त वर्ग होते, एवढं खरं. पण त्यामुळे ठेवीदाराचा किंवा त्याच्या वारसांचा हक्क संपत नाही. दावा करायला शेवटची तारीखच नाही. पंधरा वर्षांनी मागा, तीस वर्षांनी मागा, कागद नीट असतील तर पैसे द्यावेच लागतात.

हा निधी २०१४ साली सुरू झाला, बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २६अ खाली. नावाप्रमाणे त्यातून ठेवीदारांना शहाणं करण्याची, त्यांचं हित जपण्याची कामं करायची आहेत. ३१ मार्च २०२४ रोजी त्यात ७८,२१३ कोटी रुपये होते. हा पैसा कुणाच्या तरी वडिलांचा, आत्याचा, आजीचा आहे, आणि तो परत कसा मिळवायचा हे घरातल्यांना माहीत नसतं. आर्थिक साक्षरतेची सुरुवात खरं तर इथूनच व्हायला हवी.

आधी ‘दहा वर्षं’ म्हणजे काय ते पाहू, कारण इथेच गोंधळ सुरू होतो. खातं उघडल्याच्या तारखेपासून ती मोजत नाहीत. बचत किंवा चालू खात्यात ग्राहकाने स्वतः केलेल्या शेवटच्या व्यवहारापासून मोजतात. बचत खात्यावर बँकेने आपणहून जमा केलेलं व्याज किंवा कापलेले चार्जेस हे ग्राहकाचे व्यवहार नव्हेत. म्हणून ‘पासबुकात तर दरवर्षी नोंदी पडत होत्या’ हा युक्तिवाद चालत नाही. मुदत ठेवीची दहा वर्षं तिची मुदत संपल्यापासून धरतात. त्याच्याही आधी, दोन वर्षं व्यवहार नसला की खातं ‘निष्क्रिय’ होतं. दोन वर्षांनी खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षांनी रक्कम निधीत जाते, पण दोन्ही वेळा अर्ज करायचा तो आपल्या बँकेतच. रिझर्व्ह बँकेला पत्र पाठवून काही होत नाही. बँक आधी तुम्हाला पैसे देते आणि मग स्वतः निधीकडून वसूल करते. ‘निधीतून आले की देऊ’ असं कुणी सांगितलं तर ते लेखी मागा.

ठेव शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल आहे, ऑगस्ट २०२३ पासून. मोबाइल नंबरवर ओटीपी घेऊन नोंदणी होते, पैसे लागत नाहीत. खातेदाराचं नाव, बँक, आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी किमान एक गोष्ट भरायची. गाडी अडते ती इथे. १९९० च्या सुमाराच्या खात्याला पॅन जोडलेलाच नसतो, जन्मतारीखही बहुतेक वेळा अंदाजे टाकलेली असते. मग पोर्टल ‘नोंद आढळली नाही’ म्हणतं आणि माणूस समजतो की पैसे नाहीतच. तसं समजू नका. बँकेच्या स्वतःच्या वेबसाइटवरही निधीत गेलेल्या खात्यांची यादी नाव आणि पत्त्यासह ठेवणं बंधनकारक आहे, ती उघडा. नाव सापडलं की शेजारचा संदर्भ क्रमांक लिहून घ्या, शाखेत तोच विचारतात.

शोधताना नाव वेगवेगळ्या पद्धतीने घालून पाहा. आडनाव आधी, आडनाव शेवटी, मधलं नाव गाळून, फक्त आद्याक्षरांनी. इंग्रजी स्पेलिंगचे तर दहा प्रकार निघतात. बायकांची खाती माहेरच्या नावावर सापडतात, हे तर घरचेही विसरलेले असतात.

बँकच नाहीशी झाली असेल तर? ती दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. मराठवाड्यातल्या अनेक घरांत स्टेट बँक ऑफ हैदराबादची जुनी पासबुकं आहेत. ती १ एप्रिल २०१७ पासून स्टेट बँक ऑफ इंडियात गेली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ साली आयडीबीआयमध्ये, सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआयमध्ये. देना बँक २०१९ साली बँक ऑफ बडोदात, सिंडिकेट बँक २०२० साली कॅनरा बँकेत. पोर्टलवर आजच्या बँकेचं नाव निवडायचं, जुन्या नाही. सहकारी बँकेचा परवाना रद्द होऊन ती अवसायनात, म्हणजे बंद करून देणी-घेणी मिटवण्याच्या प्रक्रियेत, गेली असेल, तर दावा हे काम पाहणाऱ्या अवसायकाकडे करायचा.

पतसंस्थेतली ठेव मात्र इथे शोधू नका. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नाही आणि तिची ठेव या निधीत येत नाही. चौकशी सहकार खात्याकडे करावी लागते. पोस्टातली खाती आणि विम्याच्या रकमा वेगळ्या निधीत जातात, ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत, आणि तिथे २५ वर्षांची मर्यादा आहे. त्यांच्या बाबतीत मात्र घाई करा.

आता कागद. ठेवीदार हयात असेल तर काम सोपं आहे: अर्ज, आधार, पॅन (तो नसेल तर फॉर्म ६०, म्हणजे पॅन नसल्याचं घोषणापत्र), फोटो, आणि मूळ पासबुक किंवा ठेवपावती. ठेवपावती हरवली असेल तर बँक हमीपत्र घेते, त्यासाठी परत पाठवत नाही. केवायसी कोणत्याही शाखेत करून देता येते, मूळ शाखेतच जा असं म्हणता येत नाही. कागद पूर्ण असतील तर तीन कामकाजाच्या दिवसांत खातं चालू व्हायला हवं, आणि त्यासाठी शुल्क लावायला मनाई आहे. सगळ्यात जास्त अर्ज नावातल्या फरकावर परततात. आधारवर एक, पासबुकावर दुसरं. पासबुकावर ‘सौ.’ लावून माहेरचं नाव, आणि आधारवर सासरचं. अशा वेळी विवाह नोंदणी दाखला लावा. तो नसेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. काउंटरवर वाद घालण्यापेक्षा ‘कोणता पुरावा चालेल ते लिहून द्या’ म्हणा, पुढचे हेलपाटे वाचतात.

ठेवीदार मरण पावला असेल आणि नॉमिनी असेल, किंवा खातं ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ असं असेल, तर रक्कम कितीही असो, लागतं एवढंच: दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचं किंवा हयात खातेदाराचं ओळखपत्र. कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र, हमीपत्र, जामीनदार यांतलं काहीही मागता येत नाही. तरीही मागतात, हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे, आणि वयस्क बाई महिनोन्‌महिने तहसील आणि कोर्टाच्या पायऱ्या चढत राहते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या मृत ग्राहकांच्या दाव्यांविषयीच्या निर्देशांत हे पुन्हा स्पष्ट केलं आहे, आणि बँकांना अंमलबजावणीसाठी ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत दिली होती. निर्देशांची प्रत सोबत न्या. नॉमिनी मात्र सगळ्या वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारतो, मालक होत नाही. हे भावंडांनी आधीच समजून घेतलं तर घरातली भांडणं टळतात.

नॉमिनी नसेल, किंवा तोही वारला असेल, तर खरी अडचण. त्याच निर्देशांनुसार व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतच्या रकमेला सोपी पद्धत आहे: दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, दावा करणाऱ्यांची ओळखपत्रं, त्यांचं हमीपत्र, आणि जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांचं ना-हरकत पत्र. वारस कोण हे ठरवायला वारसदाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या आणि बँकेला मान्य असणाऱ्या त्रयस्थ माणसाचं घोषणापत्र, दोन्हींपैकी एक पुरतं. या मर्यादेत बाहेरचा जामीनदार मागायचा नाही. सगळा खेळ त्या ना-हरकत पत्रावर अडतो. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही राहिली, परदेशातल्या भावाची राहिली, की फाइल बाजूला पडते. बहिणीही वारस आहेत. त्यांना विचारायला उशीर करू नका आणि त्यांची नावं गाळून तर अर्ज मुळीच देऊ नका. नंतर कळलं तर दावा थांबतो आणि संबंधही तुटतात.

मर्यादेपेक्षा जास्त रक्कम असेल तर सहसा सक्षम प्राधिकाऱ्याचा वारसदाखला किंवा न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं. इथे महाराष्ट्रात एक गैरसमज फार घट्ट बसला आहे. तलाठ्याकडची वारसनोंद किंवा सातबाऱ्यावर नाव चढल्याचा फेरफार घेऊन लोक बँकेत येतात. ती नोंद जमिनीच्या महसुली दप्तरासाठी असते. बँकेतल्या मोठ्या रकमेला ती पुरत नाही. वारसदाखला १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली, दोन्ही दिवाणी न्यायालयातून मिळतात. न्यायालय नोटीस काढतं, हरकतींची वाट पाहतं, म्हणून वेळ लागतो. अर्जात प्रत्येक ठेवीचा क्रमांक, शाखा आणि रक्कम लिहा. एक ठेव राहिली तर तिच्यासाठी पुन्हा कोर्ट. त्यासाठी आधी बँकेकडून सगळ्या खात्यांची लेखी यादी घ्या.

व्याजाचं थोडक्यात: रक्कम निधीत असतानाच्या काळासाठी ११ मे २०२१ पासून साधं ३ टक्के. चालू खात्यावर व्याज नाही.

एजंटांपासून सावध राहा. टक्केवारी घेऊन ‘उद्गममधून पैसे काढून देतो’ म्हणणारे फिरत असतात. उद्गमवर फक्त शोध घेता येतो, तिथून पैसे निघत नाहीत. ओटीपी कुणालाही सांगू नका.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. कागद पूर्ण दिल्यानंतर मृत ग्राहकाचा दावा १५ दिवसांत निकाली काढायचा आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर ‘बँक दर’ (रिझर्व्ह बँक ठरवते तो व्याजदर) अधिक ४ टक्के धरून व्याज द्यावं लागतं, पण ते मागायला तारखेची पोच हातात हवी. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. काही अडलं तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या क्रमांकावर विचारा.